डीएस१८बी२० वॉटरप्रूफ प्रोब: घरच्या ब्रूइंगसाठी घ्यावा का?

स्टेनलेस स्टीलची ६ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर लांब नळी, मागे मीटरभर काळी केबल, तिच्या टोकाला तीन वायरी. आर्डुइनो किंवा ईएसपी३२ (प्रोग्रॅम करता येणारे छोटे बोर्ड) लावून स्वतःची ब्रूइंग, म्हणजे बीअर करायची, सिस्टिम उभी करणाऱ्यांकडे तापमान मोजणारा हा प्रोब हमखास दिसतो. भारतात तो शंभर-दीडशे रुपयांच्या आसपास मिळतो. आतली चिप मूळची डलास सेमिकंडक्टरची, पुढे मॅक्सिमची झाली, २०२१पासून ॲनालॉग डिव्हायसेसकडे आहे. मात्र ती नळीत भरून, केबल जोडून विकणारे वेगळेच असतात, आणि प्रोबची बहुतेक दुखणी या जोडकामातली आहेत.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय बीअर करणं हा दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः ब्रिटन-अमेरिकेत, जिथे घरापुरती बीअर करायला मुभा आहे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी, आणि इथल्या परवानाधारक मायक्रोब्रुअरीत छोटे प्रयोग करणाऱ्यांसाठी.

निकाल आधीच सांगतो. मॅश (माल्ट गरम पाण्यात मुरवणं) आणि किण्वन (यीस्टने साखर आंबवणं) या दोन्ही कामांसाठी प्रोब जरूर घ्या, पण द्रवात बुडवायचा तर तो थर्मोवेलमध्ये, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या बाहेरच्या नळीतच बसवा. वॉर्ट (मॅशमधून निघणारा गोड द्रव) उकळायच्या भांड्यासाठी घेऊ नका.

डेटाशीटप्रमाणे उणे १० ते ८५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात चिपची अचूकता अधिक-उणे ०.५ अंश आहे. १२ बिटवर, म्हणजे सर्वांत बारीक मोजणीत, ती ०.०६२५ अंशांच्या पायऱ्यांनी आकडे देते आणि इथेच अनेकांची गफलत होते. स्क्रीनवर ६६.८१ दिसलं तरी खरं तापमान ६६.३ ते ६७.३ मध्ये कुठेही असू शकतं. दशांशानंतरचे दोन आकडे म्हणजे अचूकता नव्हे.

बीअरला एवढं पुरतं का? पुरतं. मॅशमध्ये पिष्टाची साखर करणाऱ्या एन्झाइमपैकी बीटा-अमायलेज साधारण ६२ ते ६५ अंशांना जोमात असतं, अल्फा-अमायलेज ६८ ते ७२ला. ६५ला धरायचा मॅश ६८ला झाला तर न आंबणाऱ्या शर्करा वाढतात, बीअर अंगाने जड होते आणि मद्याचं प्रमाण घटतं. अर्ध्या अंशाने चवीत फरक पडत नाही, तीन अंशांनी नक्की पडतो. आणि तीन अंशांची चूक चिप करत नाही. ती प्रोब चुकीच्या जागी बसवल्यामुळे होते.

न ढवळलेल्या मॅशमध्ये मधला भाग आणि भांड्याची कड यांत सहज ३ ते ५ अंशांचा फरक असतो. धान्याचा थर जाड, त्यातून द्रव नीट फिरत नाही, कड गार पडत राहते. प्रोब कडेला टेकला असेल तर कंट्रोलर कडेचं तापमान ६७ करायला बघतो आणि मध्ये ७०च्या वर जातं. पंपाने वॉर्ट फिरवणारी सिस्टिम असेल तर प्रोब हीटरमधून बाहेर पडणाऱ्या पाइपात, टी-जोडात बसवा. सगळ्यात गरम द्रव तिथेच असतो आणि एन्झाइम मरायची असली तर तिथेच मरतात. मॅशच्या मध्यावर दुसरा प्रोब ठेवा, पण तो फक्त बघण्यासाठी. हीटरचं नियंत्रण पहिल्याच प्रोबवर ठेवा.

दुसरी बाब खोलीची. धातूच्या नळीतून उष्णता बाहेरच्या हवेकडे वाहत असते. प्रोब जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर बुडाला असेल तर तो द्रव आणि हवा यांच्या मधलंच काहीतरी दाखवतो. जाडीच्या किमान १० ते १५ पट खोली हवी, म्हणजे ६ मिलिमीटरच्या नळीला ६० ते ९० मिलिमीटर. नळी मुळात ५० मिलिमीटरचीच आहे. म्हणजे केबलचाही काही भाग बुडायला हवा, आणि तो बुडवायच्या लायकीचा नाही. स्टील जिथे संपतं तिथे काळी श्रिंक स्लीव्ह (तापवून आवळलेली प्लॅस्टिकची बाही) असते. तिच्या कडेखाली वॉर्ट शिरतो, कुजतो आणि कितीही सॅनिटायझर ओतलं तरी तिथपर्यंत पोचत नाही. शिवाय ही स्लीव्ह आणि पीव्हीसी केबल अन्नाला लागण्याजोगी आहे याची हमी कुणी देत नाही. गरम-थंडचे फेरे होत राहिले की नळीतली हवा आकसताना केबलच्या बाजूने ओल आत ओढून घेते. मग आकडे उड्या मारू लागतात आणि एक दिवस प्रोब बंद पडतो. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द इथे पावसाच्या शिंतोड्यांपुरता घ्यावा.

म्हणून थर्मोवेल. एका टोकाला बंद असलेली ३०४ किंवा ३१६ स्टीलची नळी, आतला व्यास ६.५ ते ७ मिलिमीटर, भांड्यात किमान १०० मिलिमीटर आत जाणारी. प्रोब थेट तळापर्यंत सरकवा. मधली हवेची फट उष्णता अडवते, त्यामुळे प्रतिसाद मंदावतो आणि पीआयडी कंट्रोलर (तापमानातल्या फरकाप्रमाणे हीटर कमी-जास्त करणारा) लक्ष्याच्या वर झेपावतो. तळाशी थोडीशी थर्मल पेस्ट भरा, किंवा थर्मोवेल उभं असेल तर ग्लिसरीनचे काही थेंब सोडा. एवढ्याने बराच फरक पडतो. वरचं तोंड सिलिकॉनच्या बुचाने बंद करा.

फर्मेंटरला (किण्वनाच्या भांड्याला) भोक पाडायचं नसेल तर प्रोब बाहेरून, द्रवाच्या पातळीच्या मध्यावर भिंतीला चिकटवा आणि त्यावर दोन-तीन सेंटिमीटर जाड फोम घट्ट बांधा. फोमशिवाय तो खोलीची किंवा फ्रिजची हवाच मोजतो. यीस्ट जोरात असताना आतला द्रव हवेपेक्षा २ ते ४ अंशांनी गरम असू शकतो. फ्रिज १९वर आणि बीअर २३वर असं झालं की एल प्रकारच्या बीअरमध्ये नको ते फळांचे वास आणि उग्रपणा येतो.

कॅलिब्रेशन बर्फावर करा, पण ग्लासभर पाण्यात चार खडे टाकून नव्हे. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते, त्यामुळे अशा ग्लासच्या तळाशी ४ अंशांचं पाणी साचतं. आरओच्या पाण्याचा बर्फ बारीक कुटा, थर्मास काठोकाठ भरा, फटी भरतील इतकंच गार पाणी घाला, प्रोब मध्यावर खोचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ०.३ दाखवत असेल तर तेवढी वजाबाकी कोडमध्ये घाला. उकळतं पाणी दुसरा बिंदू म्हणून वापरू नका. एक तर ते ८५च्या हमीबाहेर आहे, शिवाय उकळबिंदू उंचीप्रमाणे बदलतो. पुण्यात तो सुमारे ९८ आहे, डेन्व्हरला सुमारे ९५. त्यापेक्षा ढवळत्या ६५ अंशांच्या पाण्यात भरवशाच्या काचेच्या थर्मामीटरशी पडताळा. आपलं खरं काम त्याच तापमानाला असतं.

जोडणीत लाल वायर वीजपुरवठ्याला, काळी ग्राउंडला आणि पिवळी डेटाला, असा प्रघात आहे. पण रंग बदललेलेही प्रोब येतात, तेव्हा विक्रेत्याचा तक्ता पाहा. उलट जोडलेली चिप पटकन तापते. डेटा आणि पुरवठा यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर हवाच. दोन वायरींवर चालणारी ‘पॅरासाइट’ जोडणी टाळा. ती १०० अंशांच्या वर वापरू नये असं डेटाशीटच सांगतं, आणि तीन वायरी हाताशी असताना काटकसरीचं कारणही नाही. आर्डुइनोच्या प्रचलित लायब्ररीत उणे १२७ आलं तर वायर सुटली आहे किंवा रेझिस्टर नाही. बरोब्बर ८५.०० आलं तर चिप नुकतीच चालू झाली आहे आणि मोजणी व्हायच्या आधीच तुम्ही आकडा वाचला आहे. १२ बिटच्या मोजणीला ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात, तेवढं थांबा. हे आकडे कोडमध्ये गाळा, नाहीतर उणे १२७ पाहून कंट्रोलर हीटर पूर्ण जोराने सुरू करेल.

बाजारात नकली चिपांचा सुळसुळाट आहे. प्रत्येक चिपला ६४ बिटचा क्रमांक असतो. तो २८ने सुरू होऊन शेवटच्या तपासणी बाइटच्या आधी ००-०० नसेल तर चिप बहुधा नकली समजा. नकली म्हणजे चुकीचीच असं नाही, पण ±०.५ची हमी गेली. बर्फाची चाचणी मग सक्तीची.

उकळायचं भांडं ८५च्या हमीबाहेर जातं, म्हणून त्याला पीटी१०० (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर) घ्या, सिलिकॉन किंवा टेफ्लॉन केबलचा. तो ० अंशाला १०० ओहम असतो आणि अंशागणिक सुमारे ०.३८५ ओहम वाढतो. अचूकतेचा वर्ग नीट विचारून घ्या: ६७ अंशांना ‘ए’ वर्गाची मुभा ±०.२८ आहे, ‘बी’ वर्गाची ±०.६४, म्हणजे महाग पडूनही डीएस१८बी२०पेक्षा ढिली. दोन वायरींचा पीटी१०० नको, कारण केबलचा ०.३८५ ओहम रोधसुद्धा एक अंश वाढवून दाखवतो. तीन वायरींचा घ्या, पीटी१०० वाचणाऱ्या मॅक्स३१८६५ चिपच्या बोर्डावर तीन वायरींचा जंपर (जोडबिंदू) डागून घ्या आणि बोर्डावरच्या संदर्भ-रेझिस्टरची किंमत, बहुधा ४३० ओहम, कोडमध्ये तीच आहे ना ते तपासा.