सॅम्पल टेस्टिंग लॅब: डीआरएस झकास, एक्सआरडीने डोक्याला ताप

लोखंड डोप केलेल्या (म्हणजे थोडंसं मिसळलेल्या) टायटॅनियम डायऑक्साइडचे पाच सॅम्पल एका लॅबला पाठवले होते, नाव घेत नाही. यूव्ही डीआरएस (पावडरवरून परतणारा उजेड मोजून ती कुठला उजेड शोषते ते बघायची टेस्ट) एकदम मस्त, बेरियम सल्फेटची बेसलाइन नीट घेतलेली, साध्या अॅनाटेजची (टायटॅनियम डायऑक्साइडचा एक स्फटिक प्रकार) शोषणाची कड ३८७ नॅनोमीटरच्या आसपास म्हणजे ३.२ ईव्ही (इलेक्ट्रॉन व्होल्ट), आणि लोखंड वाढलं तशी दिसणाऱ्या उजेडाकडे सरकत गेलेली, पावडरचा पिवळसर रंग बघूनच अंदाज आला होता म्हणा. पण एक्सआरडी (एक्स-रे टाकून स्फटिकाचा प्रकार ओळखायची टेस्ट)? २५.३ अंशाचा अॅनाटेजचा पीक आहे, पण स्कॅन इतका घाईत मारलाय की २७.४ ला रुटाइल (दुसरा स्फटिक प्रकार) आहे की नुसता नॉइज तेच कळेना. परत करा म्हटलं तर पुन्हा पैसे! डीआरएससाठी खुशाल जा, फक्त रॉ डेटा आधीच मागून घ्या, मला आधी नुसती पीडीएफच आली, त्यावरून टाउक प्लॉट (Tauc plot, बँडगॅप काढायचा आलेख) काय कपाळावर काढू?