ट्रॅव्हल हॉकीचा एक पूर्ण हंगाम: शिकागोच्या उपनगरातून एका आईचा अनुभव

आमची लेक आधी हाउस लीगमध्ये, म्हणजे क्लबाच्या आतल्याआतल्या सामन्यांत, आइस हॉकी खेळत होती. गेल्या वसंतात तिची ट्रॅव्हल टीममध्ये, म्हणजे दुसऱ्या क्लबांशी खेळायला गावोगाव फिरणाऱ्या टीममध्ये, निवड झाली आणि आता तो अख्खा हंगाम पार पडलाय. ओळखीतले मराठी आईबाप भेटले की विचारतात, एवढा खर्च, एवढी धावपळ, करावं का? माझं उत्तर हो आहे, पण एका अटीवर. या खेळात आपण पैसे मोजतो ते सरावासाठी. ज्या क्लबचा सराव चांगला, तिथे मुलाला घाला. टीमच्या नावापुढे कुठलं अक्षर आहे, ते नंतर बघा.

अक्षरांचं प्रकरण असं. यूएसए हॉकी ही देशाची मुख्य संघटना. तिचे वयोगट जन्मवर्षावर ठरतात: ८ यू (आठ वर्षांची आणि त्याखालची), १० यू, १२ यू, १४ यू, आणि पुढे. जुने पालक यांनाच माइट, स्क्वर्ट, पीवी, बँटम म्हणतात. एका गटात दोन जन्मवर्षांची मुलं असतात. रेषा १ जानेवारीची, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल स्वतःच्याच जन्मवर्षातल्या, पण जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलांशीही झुंजतं. दहाव्या वर्षी तो फरक उंचीत आणि ताकदीत लख्ख दिसतो. निवड चाचणी बघताना हे डोक्यात ठेवा. बहुतेक गटांत बी, ए, डबल ए असे स्तर, आणि सगळ्यांत वर ट्रिपल ए. हाउस लीगमध्ये नाव नोंदवलं की खेळायला मिळतं, ट्रॅव्हलमध्ये ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, द्यावी लागते. मुलांना जर्सीवर नुसते नंबर लावतात आणि काही प्रशिक्षक काठावर उभे राहून टिपणं घेतात. निकाल ईमेलने येतो. बऱ्याच क्लबांत हो-नाही कळवायला एक-दोन दिवसच मिळतात आणि हो म्हटलं की अनामत भरायची.

आता सरावाकडे येते, कारण खरं काम तिथेच होतं. दहाएक वर्षांच्या या वयात सामना साधारण बारा ते पंधरा मिनिटांच्या तीन पिरियडचा. टीममध्ये गोली (गोलरक्षक) सोडून पंधराएक मुलं, आणि बर्फावर एका वेळी पाच. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला खेळाची पंधरा मिनिटं आली तरी खूप. त्यातही पक (चेंडूऐवजी असणारी रबरी चकती) प्रत्यक्ष आपल्या काठीवर असतो तो काही सेकंद. सरावात चित्र अगदी उलटं. आमच्या क्लबात रिंकचे, म्हणजे बर्फाच्या मैदानाचे, भाग पाडतात. एका कोपऱ्यात उलट्या दिशेने स्केटिंग, दुसरीकडे दोनास दोन, तिसरीकडे गोलीवर फटके. शिट्टी वाजली की गट पुढच्या ठिकाणी सरकतो. रांगेत ताटकळत उभं राहणं जवळपास नाहीच. यूएसए हॉकीने २००९ पासून जो विकास आराखडा आणला, त्याचा गाभा हाच: भरपूर सराव, कमी सामने. एका सामन्यामागे तीन सराव असावेत असं त्यात सुचवलंय. ८ यूची मुलं तर अर्ध्या रिंकवरच खेळतात, नेहमीच्या काळ्या पकऐवजी हलक्या निळ्या पकने. हंगामाच्या सुरुवातीला लेकीला उलटं स्केट करताना वळता येत नव्हतं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत ती डिफेन्समधून सफाईने वळू लागली, आणि ते सगळं मंगळवार-गुरुवारच्या त्या कोपऱ्यांत घडलं.

म्हणूनच जास्त सामने म्हणजे पैसे वसूल, हा हिशोब मला पटत नाही. काही टीमा हंगामभर टूर्नामेंटच खेळत फिरतात. १४ यूच्या आधी राष्ट्रीय अजिंक्यपदच नाही, मग दहा वर्षांच्या पोरांना एवढं पळवायचं कशासाठी?

खर्च मात्र खरोखर मोठा आहे. बर्फाचं भाडंच ताशी शेकड्यांत जातं, त्यामुळे वर्षाची फी काही हजार डॉलर होते. ती हप्त्यांनी भरता येते. टूर्नामेंट, हॉटेल, पेट्रोल वेगळं. लीगचे सामने बहुतेक उपनगरांतच, पण कधी रॉकफर्ड, कधी मिलवॉकी. शनिवारी पहाटेचा सामना असला की अंधारातच निघायचं. डब्यात दशम्या आणि केळी. हंगाम गणपतीच्या आसपास सुरू होतो आणि दिवाळी ऐन मध्यात येते. वेळापत्रक हातात पडल्या पडल्या टीम मॅनेजरला आपले सण कळवून ठेवा. आमच्या मॅनेजरने लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचा सराव चुकणार हे सहज समजून घेतलं.

सामान बरंचसं वापरलेलं घ्या, मुलं भराभर वाढतात. स्केट मात्र पायात नीट बसणारे हवेत, आणि हेल्मेटमागचा एचईसीसीचा (हॉकीचं सामान प्रमाणित करणाऱ्या संस्थेचा) स्टिकर तपासा, त्याची मुदत संपते. १ ऑगस्ट २०२४ पासून मानेचं संरक्षकही सक्तीचं आहे. २०२३ मध्ये इंग्लंडात ॲडम जॉन्सन हा खेळाडू स्केटच्या पात्याने मान कापून गेला, त्यानंतर हा नियम आला. लेक सुरुवातीला टोचतं म्हणून कुरकुरायची. यात मी तडजोड केली नाही.

मुलींच्या आईबापांसाठी थोडं वेगळं. आमची लेक मुलांबरोबर खेळते. कपडे बदलण्याची सोय वेगळी आहे आणि लॉकर रूमवर पार्श्वभूमी तपासलेल्या मोठ्या माणसाची देखरेख असते. बॉडी चेकिंग, म्हणजे अंगाने धडक देऊन पक काढून घेणं, मुलांच्या गटात १४ यूपासून सुरू होतं. २०११ पर्यंत ते १२ यूलाच होतं. मुलींच्या हॉकीत ते कुठल्याच वयात नाही. त्यामुळे पुढे मुलींच्या टीममध्ये जायचं का, हा निर्णय १२ यूमध्ये असतानाच घ्यावा लागेल. तिचं मत सध्या ठाम आहे: इथेच.

पालकांनाही कामं असतात. स्कोअरबोर्ड, पेनल्टी बॉक्सचं (शिक्षा झालेला खेळाडू बसतो त्या जागेचं) दार, हॉटेलची यादी. नवीन ओळखी अशाच होतात, मला ते फार आवडलं. प्रेक्षकांतून शिवीगाळ झाली तर रेफ्री खेळ थांबवून त्या माणसाला बाहेर काढायला लावू शकतो. एका सामन्यात समोरच्या बाजूच्या एका बाबांमुळे हे घडताना पाहिलं. मुलं गप्प उभी होती. नियम चांगला आहे आणि तो कडकपणेच पाळला जावा.

ट्रायआउटची नोंदणी करण्याआधी क्लबला चार गोष्टी विचाराच. प्रशिक्षक कोण, आणि तो आधी जाहीर होतो की निवडीनंतर? आठवड्यात सराव किती, आणि त्यातला रात्री उशिराचा किती? गोलीसाठी वेगळं शिकवणं आहे का? अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत सगळ्यांना खेळवतात का? शेवटचा प्रश्न प्रशिक्षकालाच विचारा. आमच्या प्रशिक्षकाने क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं, या वयात सगळे खेळणार, आणि हंगामभर ते त्याने पाळलं. पुढच्या वर्षी वरच्या स्तराच्या एका टीमचं बोलावणं आहे, तरी आम्ही याच प्रशिक्षकाकडे राहतोय.