मे महिन्यातली गच्ची, डिसेंबरातली सावली

गेल्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलरवाला गच्ची बघायला आला, तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. "काकू, बघा ना, सावलीचा ठिपका तरी दिसतोय का?" खरंच दिसत नव्हता. जिन्यावरची खोली, तिच्यावरची पाण्याची टाकी, कठडे, सगळ्यांच्या सावल्या पायाशी गोळा झाल्या होत्या. साताऱ्यात शून्य सावलीचा दिवस याच सुमारास येतो. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तेवढ्यावर त्याने आम्हाला १ लाख ९५ हजारांची ३ किलोवॅटची सोलर यंत्रणा विकली.

वीस मिनिटांत पाहणी आटोपली. टेप काढली नाही की दिशा बघितली नाही. ह्यांच्या दोन फॉर्मवर सह्या घेतल्या, रकाने कोरेच होते. "ऑफिसात भरतो," म्हणाला. टाकी दक्षिणेला आहे, चालेल का, असं मी विचारलं होतं. त्यावर उत्तर आलं, "गच्ची योग्य नसेल तर महावितरण मंजुरीच देणार नाही." हे साफ खोटं होतं. १० किलोवॅटपर्यंतच्या सोलरला तांत्रिक तपासणीशिवायच मंजुरी मिळते. त्यापुढच्या तपासणीतही बघतात ते ट्रान्सफॉर्मर आणि तारांवरचा भार. तुमच्या गच्चीवर ऊन किती पडतं, हे तिथे कोणी बघत नाही. मंजुरीचा कागद हातात आला आणि आम्ही निर्धास्त झालो.

जूनमध्ये सहा पॅनेल बसले. स्टँडचे पाय सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभे करायचं सोडून थेट कोब्यात ड्रिल मारून रोवले. जुलैत खालच्या खोलीचं छत गळायला लागलं, तो खर्च वेगळाच.

पंतप्रधान सूर्यघर योजनेचं ७८ हजारांचं अनुदान खात्यात जमा झालं. पावसाळ्यात वीज कमी होणारच, म्हणून गप्प राहिलो. दिवाळीनंतर ती वाढायला हवी होती, तर उलट घटत गेली. आमच्या भागात ३ किलोवॅटला वर्षाच्या सरासरीने रोज १२ युनिटच्या आसपास वीज मिळते. डिसेंबरात आम्हाला ६ सुद्धा धड मिळत नव्हती. कंपनी म्हणे, पॅनेल धुवा. आठवड्यातून दोनदा धुतले. मोबाइलवरच्या आलेखात दुपारी एकनंतर रेघ एकदम खाली यायची, रोज त्याच वेळी.

एक दिवस दोन वाजता वर गेले. टाकीची सावली तीन पॅनेलवर आडवी पडली होती. मला सासूबाई आठवल्या. थंडीत त्यांना ऊन खायला गच्चीच्या मधोमध खुर्ची मांडून द्यायचे, आणि दोन वाजले की ती पूर्वेच्या कठड्याशी सरकवावी लागायची. कितीतरी वर्षं मी ती खुर्ची सरकवली होती. ही सावली मला माहीत होती, फक्त मे महिन्यात ती समोर नव्हती.

ओळखीतले एक निवृत्त विद्युत अभियंते आले आणि दिवसभर थांबून त्यांनी खडूने दर तासाला सावलीची कड आखली. त्यांच्याकडून कळलं की आमचे सहाही पॅनेल एका माळेत जोडलेत. माळेतून सगळीकडे सारखाच प्रवाह जातो. त्यामुळे तीन झाकले गेले की उरलेले तीन उन्हात असूनही एकूण वीज कोसळते.

सोलर घ्यायचं असेल तर गच्ची डिसेंबरात बघा. उन्हाळ्यात घाई असेल तर हा हिशोब धरा: आमच्या सातारा भागात २१ डिसेंबरच्या आसपास १० फूट उंचीच्या भिंतीची सावली भर दुपारी उत्तरेला सुमारे ९ फूट पडते, तीन वाजता ईशान्येला १४ फुटांपर्यंत जाते. चारच्या सुमारास ती २० च्याही पुढे. टाकीची उंची जमिनीपासून नाही, पॅनेलच्या पातळीपासून मोजा. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते, आणि ती हिवाळ्यातही उन्हात राहणारी हवी. शेजारी मजला चढवणार आहेत का, तेही विचारून घ्या. आणि कोऱ्या रकान्यांच्या कागदावर सही करू नका, समोरचा मुलगा कितीही गोड बोलत असला तरी.

जानेवारीत हट्टाने पाहणी अहवाल मागवला. त्यात "सावली नाही, सकाळी ९ ते सायंकाळी ४" असं लिहिलंय, खाली ह्यांची सही. सोबतचा फोटो भलत्याच गच्चीचा! त्यात कठडे लाल आहेत, आमचे पांढरे.

तो फोटो, आमच्या गच्चीचे खडूच्या रेघांसकट काढलेले फोटो आणि आलेखांच्या प्रती जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. स्टँड उंच करायला ४५ हजार सांगितलेत. ते कंपनीने द्यावेत, एवढंच मागणं आहे. तोवर रोज दुपारी दोनची नोंद मी वहीत लिहून ठेवते.