घरातल्या झाडांचं ॲप: लातूरच्या अभ्यासिकेत एक उन्हाळा काढल्यावर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. हे ॲप शिकवतं चांगलं, पण आठवण फार वाईट करून देतं. धडे घ्या आणि घंटी बंद करा. सविस्तर खाली.

लातूरला माझी अभ्यासिका आहे. नीटवाली (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) पोरं सकाळी सहाला येतात ती रात्री दहा-साडेदहालाच उठतात. हॉलमध्ये भिंतीच्या कडेने मनी प्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड आणि पीस लिलीच्या कुंड्या, दाराशी अरेका पाम. गेला पावसाळा संपता संपता पैसे भरून हे ॲप घेतलं. वर्षाची फी आमच्या एका खुर्चीच्या महिन्याच्या फीपेक्षा थोडी कमीच आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. आणखी दोन ॲप चाळून पाहिली, त्यांचीही तऱ्हा साधारण हीच.

सुरुवातीला ते प्रश्न विचारतं. खिडकी कोणत्या दिशेला, कुंडी मातीची की प्लास्टिकची, खाली भोक आहे का. इथवर ठीक. मग विचारतं, खोलीत हीटर आहे का. लातुरात! कूलर आहे का, हे विचारत नाही. पाणी नळाचं की बोअरचं, हेही नाही. एवढे दोन प्रश्न असते तर माझ्या निम्म्या तक्रारी मिटल्या असत्या.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. उजेडावरचे धडे मला सगळ्यात आवडले. आपला डोळा अंधाराशी पटकन जुळवून घेतो, त्यामुळे खोलीत भरपूर उजेड आहे असं आपल्याला वाटतं, पण झाड तिथे उपाशी असतं. ॲप फोनच्या सेन्सरने उजेड मोजून दाखवतं. बाहेर भर उन्हात आकडा लाख लक्सच्या घरात जातो. आमच्या टेबलांवर तो 300 ते 350 दाखवत होता आणि जिन्याखालच्या कोपऱ्यात शंभराच्याही आत. पुढची गोष्ट त्यांनी फार सोपी करून सांगितलीय: झाड नुसता उजेडाचा जोर बघत नाही, तो किती तास मिळतो तेही बघतं. अभ्यासिकेच्या ट्यूबलाइट दिवसाचे सोळा तास चालू असतात. खिडकीपासून लांबचा मनी प्लांट आमच्याकडे तगून का आहे, हे तेव्हा कळलं. एक पोरगी म्हणाली, "सर, फोटोसिंथेसिसचा चॅप्टर इथं बसून जास्त कळायलाय."

दिशांच्या धड्यात मात्र गडबड आहे. उत्तरेची खिडकी म्हणजे बारमाही मंद उजेड, असं तिथे ठाम लिहिलंय. युरोपात असेल. लातूर कर्कवृत्ताच्या बरंच खाली आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून सरळ आत येतं. पीस लिलीला ते सोसत नाही. शहराचं नाव ॲपला दिलेलं आहे, म्हणजे अक्षांश त्याच्याकडे आहेच. तो फक्त हवामानासाठी वापरलाय, उन्हासाठी नाही.

आता घंटी. दर झाडामागे ठरलेल्या दिवशी "पाणी द्या" असा निरोप येतो. वर रोज ॲप उघडलं की एक ज्योत पेटते आणि एक दिवस चुकला की विझते. शाळकरी पोरांना इंग्रजी शब्द पाठ करायला लावायचे असतील तर ही ज्योत ठीक आहे. झेडझेडच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, त्यात पाणी साठलेलं असतं. हिवाळ्यात त्याला तीन-तीन आठवडे हात लावला नाही तरी ते खुशाल असतं. अशा झाडाच्या मालकाला रोज काहीतरी करायला लावणं म्हणजे ते झाड मारायची शिकवणीच. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरून कुजतात आणि वरची पानं पिवळी पडतात. पाणी कमी पडलं तरी पानं पिवळीच होतात. मग माणूस घाबरून आणखी पाणी ओततो.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामानावर आधारित सल्ला आमच्याकडे शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरत असतो. त्यात "आवश्यकतेनुसार पाणी द्यावे" हे वाक्य हमखास असतं. पूर्वी ते गुळगुळीत वाटायचं. या ॲपच्या घंटीनंतर त्याची किंमत कळली.

उन्हाळ्यात तर ॲपचं गणित पारच चुकलं. ते बाहेरचं हवामान वाचतं: 42 अंश, हवा कोरडीठाक, म्हणून पाणी वाढवा आणि पानांवर फवारा मारा. आत मात्र दोन मोठे कूलर दिवसभर ओली हवा फेकत होते आणि कुंड्यांतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) खालून ओलंच होतं. ॲपचं ऐकणाऱ्या कुंड्यांत चिलटं झाली, ती पोरांच्या वह्यांवर आणि नाकाशी घोंगावायला लागली. कृषी सेवा केंद्रातून पिवळे चिकट सापळे आणून कुंड्यांत खोचले, वरचा थर नीट सुकू दिला, तेव्हा आवरली. मग मेच्या पहिल्या आठवड्यात नीटची परीक्षा झाली, पोरं गावाकडे गेली, कूलर बंद. आता हवा खरोखर कोरडी झाली, दाराशी अरेकाच्या पानांखाली लाल कोळी या किडीची बारीक जाळी दिसायला लागली. ॲपला यातलं काहीच कळलं नाही. त्याच्या लेखी एप्रिल आणि मे सारखेच.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हा आमचा दुखरा विषय आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. त्या शहरात बसून "कुंडीखालून पाणी वाहून जाईपर्यंत घाला, मग ताटलीतलं फेकून द्या" हे वाचताना हात अडखळतो. सल्ला चुकीचा नाही. त्याने मातीत साठलेले क्षार धुतले जातात आणि बोअरच्या जड पाण्याला तर ते जास्तच लागतं. पण रोज फेकायला पाणी नसतं, मग क्षार महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच धुवावेत, पावसाचं पाणी धरता आलं तर तेच वापरावं, आरओमधून वाया जाणारं खारट पाणी फरशी पुसायला ठेवावं आणि कुंडीत कधीच घालू नये, असा एक धडा हवा होता. तो नाही. फवाऱ्याचंही तेच. बोअरच्या पाण्याचा फवारा मारला की पानांवर पांढरे ठिपके राहतात आणि ओलावा काही मिनिटांत उडून जातो.

फोटोवरून रोग ओळखायची सोय आहे. झाडाचं नाव ते बहुतेक बरोबर सांगतं. रोगाच्या बाबतीत मात्र जपून. मातीवरच्या पांढऱ्या थराला ते बुरशी म्हणालं. त्यावर लिंबू पिळलं तर फेस आला, म्हणजे क्षारच. मनी प्लांटच्या पेरांवर कापसासारखं काही दिसलं, त्याला भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, म्हणालं. परळीकडच्या एका पोरीने लांबूनच बघून सांगितलं, "सर, पिठ्या ढेकूण हाय. आमच्या कपाशीवर येतंय." कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुसला, आठवडाभराने निमतेल मारलं, गेला.

मातीच्या मिश्रणाचा धडा घाईत उरकलाय: परलाइट (हलके पांढरे खडे), ऑर्किडसाठी वापरतात ती झाडाची साल वगैरे. लातुरात ते मागवावं लागतं आणि महाग पडतं. मी कोकोपीट, गांडूळ खत आणि विटेचे बारीक तुकडे घेतो. काळी माती कुंडीत भरू नका, एवढं तरी त्यांनी मराठी आवृत्तीत लिहायला हवं होतं. ओली झाली की ती फुगून गच्च बसते, वाळली की भेगा पडतात आणि पाणी कडेकडेने निसटून जातं.

जूनमध्ये एक अपडेट आलं. आता सेटिंगमध्ये "पाणी द्या"ऐवजी "माती बघा" असा निरोप निवडता येतो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघायचं, कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, मग ओली, दमट किंवा कोरडी यापैकी एक दाबायचं. पाच-सहा नोंदी झाल्या की पुढचा निरोप त्या नोंदींवरून येतो, बाहेरच्या तापमानावरून नाही. हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं, आणि सेटिंगच्या तळाशी नाही. ज्योत बंद करायची सोय अजूनही नाही.

कूलरचा आणि पाण्याचा प्रश्न टाका, असं मी त्यांना लिहिलंय. "नोंद घेतली" असं उत्तर आलंय. फी पुढच्या महिन्यात संपते. पुन्हा भरणार नाही, कारण फुकटच्या आवृत्तीत धडे आणि उजेडमापक दोन्ही राहतात, जातो तो फक्त फोटोवाला डॉक्टर. नवीन घेणाऱ्यांनीही तिथूनच सुरुवात करावी. आणि घरात रांगतं मूल असेल तर मनी प्लांट आणि पीस लिली उंचावर ठेवा. त्यांची पानं चावली की तोंडाची आग होते. ही सूचना ॲपमध्ये आहे, पण विसाव्या धड्यात.