जखमेची गोळी वेगळी, गोचीडतापाची वेगळी

शिकारीला कायद्याने बंदी आहे, पण शिकारी जातीचे कुत्रे घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या सोसायट्यांत आहेतच. कारवान, मुधोळ किंवा बीगल मोकळ्या जागेत सोडला की वास लागेल तिकडे, हालचाल दिसेल तिकडे सुटतो. कारवान-मुधोळची कातडी पातळ आणि अंगावर चरबी नाही, त्यामुळे साध्या तारेनेही ती सरळ फाटते. गवतातून आला की अंगावर गोचीड. म्हणून या कुत्र्यांच्या घरात दोन औषधांची नावं हमखास ऐकू येतात: अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट आणि डॉक्सिसायक्लिन. ‘दोन्ही अँटिबायोटिकच, घरात आहे ते देऊ’ असं मात्र चालत नाही.

पहिलं औषध मुख्यतः जखमांचं. अमोक्सिसिलिन जंतूची बाहेरची भिंत बनू देत नाही. कुत्र्याच्या कातडीवरचे बरेच जंतू त्याला तोडणारं एन्झाइम तयार करतात, क्लॅव्हुलॅनेट ते एन्झाइम अडवतं. चावल्याच्या जखमेत तोंडातले, हवेशिवाय वाढणारेही जंतू शिरतात, त्यांच्यावरही हे चालतं. नेहमीचा डोस किलोमागे साधारण १२.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणासोबत. पण दुसऱ्या कुत्र्याच्या सुळ्याने पडलेलं भोक वरून मटाराएवढं दिसलं तरी आत कातडी स्नायूपासून सुटलेली असते. तिथे पू साचला की गोळी पुरेशी पोहोचत नाही. डॉक्टरांनी जखम उघडून धुणं हाच खरा उपचार, गोळी त्याच्या जोडीला. पावसाळ्यात अळ्या पडल्या तर त्या काढाव्याच लागतात, अँटिबायोटिकने मरत नाहीत. आणि चावणारा कुत्रा भटका असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजच्या लशीचं विचारा. रेबीज विषाणू आहे, त्याच्यावर यातली कुठलीच गोळी चालत नाही.

वरवरचा, स्वच्छ ओरखडा असेल तर मी काहीच देणार नाही. सलाइनने धुवायचं, चाटू द्यायचं नाही, दोन दिवस लक्ष ठेवायचं. हळद दाबून भरू नका, खालची जखम दिसेनाशी होते.

गोचीडतापाची गोष्ट उलटी. तो आणणारा एर्लिकिया हा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत राहतो आणि त्याला ती भिंतच नसते, त्यामुळे अमोक्सिसिलिन इथे निरुपयोगी. डॉक्सिसायक्लिन पेशीच्या आत शिरतं. किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, २८ दिवस. कुत्रा बहुधा दोन-तीन दिवसांत शेपूट हलवत जेवायला लागतो आणि नेमका तिथेच घरोघरी कोर्स सुटतो. तो सोडू नका. कोरडी गोळी घशाखाली ढकलू नका, अन्ननलिकेला चिकटून व्रण होतो. मागून पाणी किंवा घास द्या, दूध-दही मात्र नको.

तरी गोचीड दिसली, ताप आला म्हणून डॉक्सी सुरू करणं मला पटत नाही. गोचिडीमुळेच बॅबेसियाही (तांबड्या पेशींत राहणाऱ्या परजीवीचा आजार) होतो. त्यातही ताप आणि फिकट हिरड्या, कधी कॉफीसारखी लघवी. बॅबेसियाला एकटं डॉक्सी पुरत नाही, त्याची औषधं वेगळी. म्हणून पहिल्या गोळीआधी रक्त द्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), प्लेटलेट (रक्त गोठायला लागणाऱ्या पेशी) आणि स्मिअर (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं). प्लेटलेट घसरल्या असतील तर नाकातून रक्त येईपर्यंत थांबू नका.

पावसात साचलेलं पाणी पिऊन उलट्या, कावीळ झाली तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) संशय धरा. उलट्या थांबेपर्यंत पेनिसिलिन गटाचं इंजेक्शन आणि नंतर डॉक्सी, अशी दोन्ही गटांची औषधं तिथे लागतात. तो माणसालाही होतो, लघवी पुसताना हातमोजे घाला.

आणखी दोन अँटिबायोटिकांची नावं कानावर येतात. सेफालेक्सिन कातडीच्या पुरळाला चांगलं. एन्रोफ्लॉक्सासिन स्वतःहून मागू नका, वाढत्या पिल्लाच्या सांध्यांतल्या कूर्चेला इजा होते आणि हे बाकीची औषधं चालत नाहीत तेव्हासाठी राखून ठेवायचं औषध आहे.

माणसांचं उरलेलं सिरप तर नकोच: काही शुगर-फ्री सिरपांत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असतं, ते कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतं. दुखतंय म्हणून सोबत आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलही देऊ नका.