ट्यूबलेस टायरचे पंक्चर: स्ट्रिप की मशरूम पॅच?

नव्या टायरमध्ये खिळा घुसल्यावर दुकानदाराने स्ट्रिप (भोकात बाहेरून खुपसायची चिकट रबरी पट्टी) आणि मशरूम पॅच (टायरच्या आतून बसवायचा, दांडा आणि टोपी असलेला रबरी तुकडा) असे दोन पर्याय सांगितले, त्यातला कोणता निवडावा, असा प्रश्न आमच्या एका शेजाऱ्यांना पडला होता. खर्च आणि वेळ या दोन्ही बाबतींत स्ट्रिप सरस आहे. ती टायर रिमवरून न उतरवता काही मिनिटांत बसते, तर मशरूमसाठी टायर उतरवावा लागतो, पैसे कित्येक पट जातात आणि नंतर चाकाचे बॅलन्सिंगही (चाक न थरथरता फिरावे म्हणून त्याचे वजन समतोल करणे) करून घ्यावे लागते.

खरा फरक टिकाऊपणात आहे. स्ट्रिप घालण्यापूर्वी कानशीसारख्या खरखरीत सुईने भोक मोठे केले जाते, त्यात टायरमधल्या पोलादी तारा दुखावू शकतात आणि पुढे तिथूनच हवा उतरू लागते. मशरूमचा दांडा मात्र भोक भरून काढतो, टोपी आतून चिकटते, आणि टायर उघडल्यामुळे आतली इजाही दिसते. (बाहेरून साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिल्याने ती कळत नाही.) पंक्चर टायरच्या बाजूच्या भिंतीला असल्यास दोन्ही उपाय निरुपयोगी आहेत.

जुना टायर आणि गावातल्या गावात फिरणे असेल, तर स्ट्रिप पुरेशी आहे. नव्या टायरवर द्रुतगती मार्गाने जाणाऱ्यांनी मशरूमच लावून घ्यावा.