माक्याचं तेल: ताजा रस की वाळलेला माका?

पाव लिटर तिळाच्या तेलाला एक लिटर ताजा रस आणि ६० ग्रॅम माक्याचाच कल्क, म्हणजे वाटून केलेला ओला गोळा, लागतो. माका पांढऱ्या फुलांचा घ्यावा, पिवळ्या फुलांची वनस्पती वेगळी. रस पडून राहिला की काळवंडतो, म्हणून काढल्याबरोबर वापरावा. भांडं तेल-रसाच्या दुप्पट मोठं हवं, नाहीतर उतू जाणार. तिन्ही एकत्र करून पाणी आटेपर्यंत उकळायचं, आच मंदच.

वाळलेला माका वर्षभर मिळतो, पण अर्धा किलो भरड चार लिटर पाण्यात एक लिटर उरेपर्यंत आटवून गाळावी लागते. हा काढा रसाच्या जागी वापरायचा, कल्क पुडीत पाणी घालून करायचा. बरेच जण नुसती पूड तापल्या तेलात टाकतात. ती करपते, पाण्यात उतरणारा अंश तेलात येतच नाही.

कल्काची बोटांवर वात वळली आणि ती विस्तवावर तडतडली नाही, की पाणी संपलं. तडतडली तर उतरवू नये. राहिलेल्या पाण्याने तेल खवट होतं.

पावसाळ्यात बांधावर माका मिळत असेल तर रसच. शहरात काढा चालेल, भरड जुनी नसावी एवढंच.